आधी ड्रायव्हरला विचारा

श्री. दामोदरपंत खरे, म्हणजे आम्हा पनवेलकरांचे दामूअण्णा, यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती तांदळाच्या पोत्यांपाशी. लढाईचे दिवस होते. मुंबईवर बॉम्ब पडणार या धास्तीने माणसे बिऱ्हाडे उचलून पनवेलला येत होती. अण्णा मुंबईत एका विमा कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस होते, तेही वळकट्या घेऊन वडिलांच्या घरी परतले. दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आले. भाव विचारला, तो मी सांगितला. मग गेल्या साली काय होता ते विचारले, त्याच्या आदल्या साली काय होता तेही विचारले, आणि वाढला तो कशाने, भात कमी पिकले की गिऱ्हाईक वाढले, अशी चौकशी सुरू केली. त्यांच्यामागे माणसे खोळंबलेली. मी म्हटले, पंत, तांदूळ घ्यायला आलात की जबानी घ्यायला? ते हसले नाहीत. म्हणाले, "शेठ, भाव नुसता काय बोलतो? त्याचा मागचा पुढचा माहीत नसला तर तो मुकाच की."

मी मराठी चौथी शिकलेला आगरी माणूस. पुढचे जे काही शिकलो ते गोणपाटावर बसून, येईल ते छापील चिटोरे वाचून. मला ते वाक्य आवडले. त्या दिवसापासून मी त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो तो आजतागायत जातो आहे. अण्णा आता साठीत आले, मी सहासष्टीत. वयाने मी थोरला, पण ओसरीवर मी नेहमी खालच्या पायरीवर बसतो.

ज्यांनी ती ओसरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर रविवारी सकाळी अण्णा तिथे बसत. मुंबईहून टपालाने कंपन्यांचे वार्षिक अहवाल येत ते पुढ्यात असत. शेअर म्हणजे काय हेही ठाऊक नसलेली माणसे येत आणि अण्णा न कंटाळता समजावीत. त्यांची रीत साधी होती. शेअरच्या भावाला एका शेअरमागे पडणाऱ्या वर्षाच्या मिळकतीने भागायचे. जो आकडा येईल तितक्या वर्षांची मिळकत आपण आजच मोजून देतो आहोत असे समजायचे. मग ती मिळकत दरसाल शेकडा कितीने वाढते ते पाहायचे. वर्षांचा आकडा वाढीच्या आकड्याएवढा असला तर भाव रास्त. कमी असला तर स्वस्त. दुपटीच्या वर गेला तर, अण्णा म्हणत, धोतर झटकून घरी जा.

मला हे उमगेना, तेव्हा मी माझ्या परीने आंब्यावर बसवून पाहिले. जुना रायवळ आंबा दरसाल तेवढाच फळतो. तरणे कलम आज टोपलीभर देते, पुढल्या साली दोन टोपल्या देईल. आजच्या फळावर बोट ठेवून दोन्ही झाडांना सारखी किंमत कोणी देणार नाही. कलमाला जास्त देतील, पण ते वाढते आहे तोवरच्या भरवशावर. अण्णांना हे सांगितले तर ते म्हणाले, चला, आता तुम्हीच ओसरीवर बसा, मी तांदूळ मोजतो.

या कामाचे त्यांनी कधी कोणाकडून काही घेतले नाही. उरणहून एक बाई सुकटीची पुडी घेऊन आली होती, तर अण्णांनी ती परत तिच्या पाटीत ठेवली. मी म्हटले, अहो, तुम्ही खात नाही म्हणून का? त्यावर म्हणाले, "खात असतो तर मुळीच घेतली नसती. माणसाचे खाल्ले की त्याला नको म्हणताना जीभ अडखळते." आणि 'नको' हाच शब्द त्या ओसरीवर सर्वांत जास्त ऐकू येई. कित्येक माणसे तेवढ्यासाठी रागावून गेली. 'घ्या' असे अण्णा सहसा म्हणतच नसत. आकडा मांडून दाखवीत आणि गप्प बसत.

एकदा मात्र ते 'घ्या' म्हणाले.

अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने त्यांच्याकडे होकार मागितला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, की मोटार कंपनीची हकिगत या ग्रंथात आली पाहिजे आणि ती मी लिहिली पाहिजे. समितीतली मंडळी माझ्याकडे आली ती अवघडून. साठीच्या सोहळ्यात असले काही कशाला, असा त्यांचा सूर होता. मलाही तसेच वाटले. पण अण्णांची अट म्हणजे अट. तेव्हा वाचकांनी मला सांभाळून घ्यावे.

माझा धाकटा भाऊ पांडुरंग मोटारीवर ड्रायव्हर होता. पनवेलहून पळस्प्यावरून पेणकडे जाणारी मोटार तो लढाईच्या आधीपासून चालवी. मालक इथलेच होते. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधून तिच्या गॅसवर ती ओढली. चढ आला की उतारू उतरून ढकलीत. पांडू घरी येई तो तोंडाला काजळी फासून, आणि आमची आय त्याला म्हणे की तू डायवर हास का लव्हार? लढाई संपली, पेट्रोल सुटे झाले, मोटारी पुन्हा धावू लागल्या. मालकांनी मोठी कंपनी केली आणि शेअर विकायला काढले. दोन वर्षांत मिळकत अशी चढली की बाजारात दुसरा विषय नव्हता.

रविवारी पांडू ओसरीवर आला. अण्णांनी अहवाल वाचलेला होता. दहा रुपयांचा शेअर, वर्षाची मिळकत सव्वा रुपया, म्हणजे भाव आठ वर्षांचा. वाढ मात्र शेकडा पंचवीस. आठ आणि पंचवीस. अण्णांच्या रीतीप्रमाणे इतका स्वस्त शेअर त्या ओसरीवर कधी आला नव्हता.

पांडूने विचारले, "अन्ना, तुमी घेतलाव?"

अण्णा म्हणाले, "मी घेतले. तूही घे."

एवढेच बोलणे झाले. पण अण्णा 'घ्या' म्हणाले ही गोष्ट पळस्प्यापासून चिरनेरपर्यंत गेली. मोटारीत रोज बसणाऱ्या कोळणींनी घेतले, मिठागरांवरच्या माणसांनी घेतले. आपल्या गावची मोटार, आपला पांडू ती चालवतो, आणि अण्णांचा आकडा, एवढे तीन भरवसे एका ठिकाणी कोणाला मिळतात? पांडूने वडिलोपार्जित मिठागरातला आपला वाटा चुलतभावाला विकला आणि सगळे पैसे त्यात घातले. शेअरचे कागद आमच्या घरी देव्हाऱ्यात ठेवले होते. लक्ष्मीपूजनाला त्यांना हळदकुंकू वाहिले. आयने त्यांच्यापुढे साळीच्या लाह्या ठेवल्या, ते मला अजून दिसते.

पुढच्या वर्षी वाढ थांबली. कोणी चोरी केली नाही, कोणी फसवले नाही. मोटारी तेवढ्याच होत्या, रस्ता तोच होता, आणि उतारू जेवढे बसायचे तेवढे बसून झाले होते. भाव निम्म्यावर आला. लोक म्हणाले, थांबू, चढेल. मग सरकारने उतारूंची वाहतूक आपल्या हाती घेतली. कंपनीजवळ उरल्या त्या जुन्या गाड्या आणि एक पत्र्याची शेड. आमच्या देव्हाऱ्यातले कागद तिथेच राहिले, कारण त्यांचे करायचे काय हे कोणालाच सुचत नव्हते.

पांडूची नजर अधू झाली होती, सरकारी मोटारींवरच्या नोकरीसाठी झालेल्या तपासणीत तो बसला नाही. जो वाटा त्याने विकला होता त्याच मिठागरावर तो मजुरीला जाऊ लागला. सवय मोडलेला माणूस. पायांना खारे पाणी लागून चिरा पडल्या, त्या भरेनात. मग छाती धरली.

अण्णांनी त्या दिवसांत ओसरी बंद केली आणि ते घरोघर गेले. माझ्या माहितीत असे कोणी केलेले नाही म्हणून हे लिहितो. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या शब्दावर शेअर घेतले त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि माझा हिशेब चुकला असे म्हणाले. कोणी शिव्या दिल्या, कोणी आत बोलावून चहा दिला. पुष्कळांनी उलट त्यांचीच समजूत घातली, की अण्णा, सरकारने घेतले त्याला तुम्ही काय करणार? अण्णा ती पळवाट घेत नसत. आमच्या अंगणात त्यांनी पांडूला सांगितले ते मी समोर बसून ऐकले.

"सरकारचे मला कळले नसते, खरे आहे. पण वाढ मला कळायला हवी होती. मी मोजली ती कोळशाच्या भट्टीपासून. नारळी पौर्णिमा झाल्यावर आलेली मासळी बंद मोसमाशी ताडून पाहिली तर ती दसपट दिसणारच. ती वाढ नव्हती रे. लढाईच्या आधी होते तिथवर परत आले होते, एवढेच. आणि लढाईच्या आधी मोटार किती भरत होती हे ज्याला ठाऊक, तो माझ्यासमोर बसला होता. मी तुला विचारले नाही."

पांडूने चिरा पडलेले पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाला, "मोटर तवा बी भरूनच जायची, अन्ना. टपाव बी मानसा बसाची." म्हणजे तेव्हाही भरूनच जात होती, टपावरसुद्धा माणसे बसत होती. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. विचारले म्हणून सांगितले, इतकेच.

अण्णांचे स्वतःचे किती गेले हे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही आणि पुढेही कधी नाही. मलाही बुडले हो, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते तर पुष्कळ जण नरमले असते. अण्णांनी ते कोणापुढेही उच्चारले नाही. ते पुढे वडिलांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने देऊन मागच्या दोन खोल्यांत राहू लागले, त्यावरून ज्याने त्याने काय ते समजावे.

पांडूचे दुखणे वाढले तेव्हा त्याला मुंबईच्या इस्पितळात अण्णाच घेऊन गेले. मला दुकान सोडवत नव्हते असे नव्हे, पण मुंबईच्या इस्पितळात कोणाशी काय बोलायचे हे मला कळत नव्हते. अण्णा तिथे व्हरांड्यात चटई टाकून राहिले, डॉक्टरांच्या मागे फिरले, औषधे आणली. मी भेटीला गेलो त्या दिवशी पांडू उशीला टेकून बसला होता. त्याने अण्णांना विचारले की ओसरीवर हल्ली कोण कोण येते. अण्णा म्हणाले, मी ते काम सोडले आहे, आता आकडे काढायचे नाहीत.

पांडू म्हणाला, "सोडू नका. लोका त घेनारच. तुमी नाय सांगला त तो बाजारातला दलाल सांगल. पन आदी डायवरला इचारा."

  पांडूला खोकल्याची उबळ आली आणि बोलणे तिथेच राहिले. पुढे तो घरी आला तो परत जाण्यासाठी नव्हे, एवढे आम्हा सगळ्यांना कळून चुकले होते. पावसाळा संपता संपता तो गेला.

दिवस झाल्यावर अण्णा आमच्या घरी आले. आय दारात बसली होती. आमच्याकडे दारी आलेल्याला, मग तो वैरी का असेना, आधी पाणी आणि गुळाचा खडा पुढे करतात. पांडूची बायको यमुना तांब्या घेऊन बाहेर आली तर आयने तिला हाताने अडवले. अण्णांकडे बघून म्हणाली, "तुमचे आकड्यांनी माजा पोर नेला."

अण्णा खाली ओट्याच्या कडेवर बसले. घटकाभर बसून उठले आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले. आम्हाला वाटले, चार-सहा वेळा येतील. त्याला आता बारा वर्षे होऊन गेली. दर महिन्याला अण्णा पनवेलहून पळस्प्यापलीकडे आमच्या घरी चालत येतात, त्याच कडेवर बसतात. सुरुवातीला आय त्यांच्याकडे पाठ करून बसे. मग कधीतरी तिने विचारले की बाजारात सुके बोंबील काय भाव. मग यमुनेच्या पोरीच्या शाळेचे बोलणे निघाले, आणि तिला सातवीच्या पुढे शिकवावे हे अण्णांनी आयच्या गळी उतरवायला दोन पावसाळे घेतले. आज ती पोर शाळेत मास्तरीण आहे. सगळे बोलणे होते. पाणी मात्र नाही. यमुनेने देऊ म्हटले तरी आय देऊ देत नाही. परतताना अण्णा पळस्प्याच्या नाक्यावर चहावाल्याकडे थांबतात आणि आधी तांब्याभर पाणी पितात, हे मला त्या चहावाल्यानेच सांगितले. चैत्रातल्या उन्हातसुद्धा त्यांनी कधी आमच्या दारात पाणी मागितले नाही.

ओसरी अण्णांनी पुन्हा सुरू केली. रीत तीच, भावाला मिळकतीने भागायचे आणि वाढीशी ताडायचे. पण अहवाल उघडण्याआधी आता एक अट असते. ज्या कंपनीचा शेअर घ्यायचा तिथे हाताने काम करणाऱ्या एका तरी माणसाला भेटून यायचे, आणि ही वाढ कुठून आली ते त्याला विचारायचे. नवी यंत्रे बसली म्हणून आली, की बंद पडलेली पुन्हा चालू झाली म्हणून? दरसाल येणारी आहे, की एकदाच? ते उत्तर आणल्याखेरीज अण्णा कागदाला हात लावत नाहीत. गावातल्या एका वकीलसाहेबांना काचकारखान्याचे शेअर घ्यायचे होते. ते वैतागून म्हणाले, अहो अण्णा, शेअर घ्यायचा आहे, मुलगी द्यायची नाही. अण्णा म्हणाले, मुलगी देताना तुम्ही निदान शेजारी तरी चौकशी करता. वकीलसाहेब कुरकुरत गेले आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर एका भट्टीवाल्याला गाठून बोलून आले. परत आल्यावर शेअरचे नाव काढले नाही. कारखान्याने एक भट्टी मोडून विकली होती आणि तो पैसा त्या सालच्या मिळकतीत दिसत होता.

असे किती जण वाचले ते सांगता येणार नाही, कारण न बुडालेल्या माणसाची बातमी होत नाही. पण 'ड्रायव्हरला विचारलेस का' हे वाक्य आता पनवेलच्या बाजारात सोयरीक जमवतानाही ऐकू येते. म्हणणाऱ्या पुष्कळांना तो ड्रायव्हर कोण ते ठाऊक नाही. आता गावात आगगाडी आली, उद्या कारखाने येतील, जमिनीचे भाव चढू लागतील, आणि वाढीच्या गोष्टी ऐकून आमची आगरी-कोळी माणसे पुन्हा कोणाच्या तरी ओसरीवर जातील. त्यांनी हा ग्रंथ वाचला नाही तरी चालेल, तेवढे वाक्य ध्यानात ठेवावे.

ही हकिगत छापायची तर आयला विचारणे भाग होते. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, डोळ्यांनी कमी दिसते, कान मात्र शाबूत. मी सगळे वाचून दाखवले. पांडूचे आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. वाचून संपल्यावर म्हणाली, लिव. मी म्हटले, आये, आता बारा वर्षे झाली, अण्णांची साठी आहे. या खेपेला तरी पाणी दे.

आय म्हणाली, "नाय. पानी दिला त तो यायचा बंद व्हल."

 बारा वर्षे आम्ही घरातले सगळे जण तो राग समजत होतो.

हे मी इथे छापून टाकले, आता ते अण्णा वाचतील. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की म्हणून येणे थांबवू नये. पळस्प्यावरून आमच्या घरापर्यंतचा रस्ता चढाचा आहे आणि अण्णांचे गुडघे अलीकडे कुरकुरतात, ते मी पाहतो. तेव्हा परमेश्वराजवळ माझे मागणे एवढेच आहे, की त्याने अण्णांच्या पायांत तो चढ चढण्याचे बळ ठेवावे, छाती निकोप ठेवावी, आणि आमच्या म्हातारीच्या आयुष्यापेक्षा कितीतरी लांब आयुष्य त्यांना द्यावे. महिन्याच्या अखेरीला ती ओट्यावर येऊन बसते, रस्त्याकडे तोंड करून. यमुनेने भरलेला तांब्या दाराच्या आत, तिच्या हाताच्या अंतरावर ठेवलेला असतो.